कौसाबाईंच्या नावचा कागद

माझ्या दवाखान्यातल्या जुन्या कागदांत एक कागद असा आहे. नाव कौसाबाई, वय एकोणसाठ, लिंग स्त्री. आणि त्याखाली माझ्याच अक्षरात तक्रार लिहिलेली आहे की दोन वर्षांपासून ताठरता येत नाही, पहाटेही येत नाही, तंबाखू दिवसाला दोन पुड्या. गेल्या वर्षी दवाखाना बंद करताना मी हे सगळे गठ्ठे चाळत बसले होते. माझ्या मुलीने हा कागद उचलला, दोनदा वाचला आणि अगदी शांतपणे विचारलं, "आई, तू नक्की पास झाली होतीस ना?"

पास झाले होते. एमबीबीएस आणि त्यावर बाळंतपणाची पदविका. जालन्याजवळच्या राजूरला, गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एकोणतीस वर्षं माझा दवाखाना होता. पाटीवर 'प्रसूती व स्त्रीरोग' असं लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून आग्रह झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं की मी अडलेल्या बाळंतिणींच्या हकिकती लिहीन. त्याही पुष्कळ आहेत. पण ज्या कामाने मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकलं, ते त्या पाटीत बसणारं नव्हतं. माझ्याकडे म्हातारे पुरुष यायचे. या लेखातली नावं बदललेली आहेत, आणि ज्यांची गोष्ट आहे त्या दोघांना विचारूनच लिहिते आहे.

सुरुवात एका संकष्टीला झाली. चतुर्थीला राजूरला गर्दी असते, रस्त्यावर पेढेवाले, फुलवाले, जीपा. त्या गर्दीतून हसनाबादकडच्या एका गावचे रंगनाथराव बायकोला घेऊन आत आले. बासष्ट-त्रेसष्ट वय, मोसंबीची बाग, पांढरी टोपी, ऐटीत चालणं. कौसाबाई मागून आल्या आणि स्टुलावर बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागल्या.

बायकोला कमजोरी आहे, असं रंगनाथराव म्हणाले. मी कौसाबाईंचा रक्तदाब पाहिला, पापण्या खाली ओढून रक्त पाहिलं. बाई ठणठणीत होत्या. जेवण कसं आहे, असं मी विचारलं. ते म्हणाले, जेवण बराबर हाये. झोप? ते म्हणाले, झोप न्हाई लागत. रात्री लघवीला किती वेळा उठता? ते म्हणाले, चार येळा. मी बाईंना म्हणाले की तुम्हीच सांगा ना, तुम्ही का बोलत नाही? कौसाबाई कॅलेंडरवरची नजर न काढता म्हणाल्या, "मला काय होऊन राह्यलं, मी कशाला बोलू?"

मग रंगनाथरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि 'समजा'ने सुरुवात केली. समजा एखादा माणूस आहे. समजा त्याचं वय झालेलं आहे, पण लई न्हाई. समजा त्याला पयल्यासारखं न्हाई राह्यलं. त्या समजाच्या माणसाला मंग काय द्यायचं?

मला कळायला जरा वेळ लागला. मी त्यांना सांगितलं की मी बायकांची डॉक्टर आहे, तुम्ही जालन्याला मूत्रविकाराच्या डॉक्टरांकडे जा. ते म्हणाले, गेल्तो. पण तिथे कागद काढायच्या खिडकीत त्यांच्या भावकीतलाच माणूस बसलेला होता. त्याने विचारलं, काय त्रास आहे? यांनी घाईत सांगितलं, कान. मग जवळच्याच कानाच्या डॉक्टरांकडे त्याने स्वतः नेऊन बसवलं. कान धुऊन, थेंब घेऊन ते घरी परत आले.

"तुमच्याकडं बायकाच असत्यात," ते म्हणाले. "बायकांत कोण वळखीचं भेटतंय मला?"

ही त्यांची अक्कल बिनतोड होती. फक्त कागद त्यांच्या नावाने काढायला ते तयार नव्हते. बायकांच्या दवाखान्यात पुरुषाच्या नावचा कागद सापडला तर गावात काय काय बोलतील, असं त्यांचं म्हणणं. कौसाबाईंच्या नावचा कागद आधीच निघालेला होता. मी त्याच्यावरच लिहिलं. चूक होती ती. पण त्या दिवशी बाहेर सात गरोदर बायका बसलेल्या होत्या, आणि मला वाटलं की हे गृहस्थ परत काही येणार नाहीत.

त्या आठवड्यात मी माझ्या एका वर्गमित्राला फोन केला. तो औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, याच आजारांचा डॉक्टर आहे. मी म्हणाले, तुझे पेशंट माझ्याकडे यायला लागलेत. तो म्हणाला, परत पाठवू नकोस, ते माझ्याकडे येणार नाहीत, रस्त्यावरच्या जडीबुटीवाल्याच्या तंबूत जातील. मग त्याने मला तासभर शिकवलं, आणि मी पंचेचाळिसाव्या वर्षी परत पुस्तक उघडलं.

जे शिकले ते बाहेरच्या माणसासाठी साधं करून सांगते. वयामुळे हे होतं असं सगळे म्हणतात, पण नुसत्या वयामुळे फार कमी वेळा होतं. ताठरता म्हणजे रक्ताचं काम आहे. रक्त वेगाने आत यायला लागतं आणि आत टिकायला लागतं. साखरेचा आजार, रक्तदाब, तंबाखू आणि चरबी रक्तवाहिन्या अरुंद करतात. साखर नसाही बोथट करते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हे होतं, रोजच्या दारूने होतं, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर होतं, कधी शरीरातलं पुरुषी संप्रेरक कमी पडल्याने होतं. आणि काळजीने तर होतंच. एकदा फसलं की पुढच्या वेळी माणूस परीक्षेला बसल्यासारखा जातो. म्हणून पहाटे आपोआप ताठरता येते का, हे विचारायचं. येत असेल तर शरीर बहुतेक ठीक, घोळ मनात. येत नसेल तर रक्त तपासायचं. पुढे पुढे हा प्रश्न मी इतक्या सहज विचारू लागले की एकदा चुकून एका गरोदर बाईला विचारला.

पुढच्या संकष्टीला रंगनाथराव खरंच आले. उपाशीपोटी या, साखर तपासायची आहे, असं मी सांगितलं होतं. उपाशी आहात ना, विचारलं तर म्हणाले, उपासच हाये. रिपोर्ट बघून मी हादरले. मग कौसाबाईंनीच सांगितलं की ह्यांनी येतायेता दोन प्लेट साबुदाण्याची खिचडी खाल्ली आहे. त्यानंतर मी 'उपाशी' हा शब्दच सोडला, 'पाण्याशिवाय काही नाही' असं सांगू लागले. दुसऱ्यांदा तपासलं, तरी साखर होतीच, आणि बरीच होती. त्यांना बिलकुल माहीत नव्हतं.

मी त्यांना समजावू लागले, पण ते मला मध्येच थांबवून म्हणाले की समजलं. त्यांच्या बागेत ठिबक आहे. पाण्यात क्षार असले की झाडाजवळची बारीक नळी आधी बंद होते, मोठा पाइप वाहतच राहतो. मी म्हणाले, बरोबर, आणि म्हणूनच हा त्रास नुसता त्याच जागेचा नाही. बारीक नळी बंद पडली म्हणजे पाण्यात क्षार आहेत हे कळलं. मोठा पाइप म्हणजे तुमचं हृदय. त्याची पाळी नंतर येते. आत्ताच जालन्याला जाऊन हृदय तपासून घ्या. हे त्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं. त्यांना बारीक नळीचीच काळजी होती.

तीन महिन्यांत साखर उतरली. तंबाखू सुटली असं त्यांनी सांगितलं, आणि कौसाबाईंनी मान हलवून नाही म्हणून खुणावलं. मग मी गोळी लिहून दिली. हृदयाची कुठली गोळी चालू नाही ना, हे तीनदा विचारलं. गोळी कशी घ्यायची ते सांगितलं: भरल्या पोटी नको, तासभर आधी, दिवसातून एकच. आणि एक गोष्ट त्या दोघांना समोर बसवून परत परत सांगितली. छातीत दुखतं तेव्हा जिभेखाली ठेवायची जी नायट्रेटची गोळी देतात, ती आणि ही, दोन्ही एकत्र पोटात गेल्या तर रक्तदाब धाडकन खाली येतो आणि माणूस जातो. छातीत दुखलं तर पहिलं वाक्य हे बोलायचं, की मी ही गोळी खाल्ली आहे. रंगनाथराव हो हो म्हणत होते. कौसाबाई कॅलेंडरकडे बघत होत्या.

पंधरा दिवसांनी ते रागातच आले. गोळी खोटी निघाली म्हणे. कशी घेतली, ते मी विचारलं. गोळी खाऊन ते शेतात गेले, मोटरीपाशी जाऊन बसले आणि दोन तास वाट पाहिली. काहीच झालं न्हाई. मोटरीपाशी बसून काय होणार होतं, हे मी कसं सांगावं? शेवटी त्यांच्याच भाषेत सांगितलं की ही गोळी पाणी सोडत नाही, फक्त व्हॉल्व्ह मोकळा करते. मोटर तुम्हालाच चालू करावी लागते. ते मग म्हणाले, "हे पयलंच सांगायचं ना म्याडम." त्यानंतरच्या संकष्टीला त्यांनी काही न बोलता माझ्या टेबलावर मोसंब्यांची पिशवी ठेवली.

त्यांनी ही गोष्ट फक्त एका माणसाला सांगितली होती, असं ते आजही शपथेवर सांगतात. पण संकष्टीला माझ्या बाकावर जोडपी वाढू लागली. दर्शन करायचं, पेढे घ्यायचे आणि 'बायकोच्या कमजोरीसाठी' माझ्याकडे यायचं. प्रत्येकाला बायकोच्याच नावचा कागद हवा असे. एकाची बायको यायला तयार नव्हती, म्हणून तो पंचाऐंशी वर्षांच्या आईला घेऊन आला. आईला ऐकू येत नाही, तुम्ही बिनधास्त बोला, असं त्याने सांगितलं. आम्ही बिनधास्त बोललो. जाताना म्हातारी दारात थांबली आणि मला म्हणाली, "याच्या बापालाबी साखरच निघाली होती." आईवडिलांचा आजार विचारायला मी विसरले होते, तो असा कळला.

काही जण तंबूतल्या औषधाची पुडी खाऊन यायचे. चेहरे सुजलेले, साखर चढलेली. त्या पुडीत कधी स्टेरॉइड असतं, कधी हीच गोळी कुटून घातलेली असते, आणि किती घातली आहे हे कुटणाऱ्यालाही माहीत नसतं. मी त्यांच्यावर ओरडायचे. मग लक्षात आलं, की तंबूवाला ओरडत नाही, म्हणून लोक त्याच्याकडे जातात. तेव्हापासून ओरडणं बंद केलं.

त्या चुकीच्या कागदांची शिक्षाही मिळाली. कौसाबाईंना पित्ताच्या खड्यांचा त्रास झाला आणि जालन्याला ऑपरेशन ठरलं. त्यांनी घरातले सगळे कागद पिशवीत घालून नेले. दुपारी मला एका तरुण डॉक्टरचा फोन आला. आवाज अगदी अदबीचा. मॅडम, पेशंट तुमच्याकडची आहे, कागदावर जे औषध दिसतंय ते आम्ही बरोबर वाचतोय ना? मी म्हणाले, बरोबर वाचताय. तो म्हणाला, आणि तक्रारही? मी म्हणाले, तीही.  मी सगळं सांगून टाकलं. त्याने मला सुनावलं नाही, पण मी सुनावून घ्यायला हवं होतं. दुसऱ्याचं औषध तिच्या नावावर पाहून तिला भूल देताना काही चुकलं असतं तर? त्या दिवशी मी ठरवलं की यापुढे ज्याचा आजार त्याच्या नावचा कागद. आणि पुढच्या संकष्टीला पहिल्याच माणसाने हात जोडले, तेव्हा माझं ठरवणं मोडलं.

आणखी वर्षभराने एका चतुर्थीला सकाळी दहाच्या सुमाराला माझ्या दवाखान्यासमोर एक जीप अडकली. पुढे दर्शनाची रांग रस्त्यावर आलेली, मागे ट्रॅक्टर. जीपमधून ओरडा ऐकू आला म्हणून मी बाहेर आले. मागच्या बाकड्यावर रंगनाथराव आडवे होते, घामाने सदरा चिकटलेला, हात छातीवर. नातीच्या सोयरिकीसाठी सगळे मिळून गणपतीला निघाले होते, वाटेतच छातीत दुखायला लागलं. थोरला मुलगा होता, जावई होता, भाऊ होता, आणि त्यांचे व्याही प्रल्हादराव होते.

प्रल्हादराव निवृत्त ग्रामसेवक. त्यांना स्वतःला हृदयाचा त्रास होता, त्यामुळे या विषयातलं सगळं आपल्याला कळतं असं त्यांना वाटायचं. त्यांच्या खिशात जिभेखालची गोळी कायम असायची. मी दाराच्या पायऱ्या उतरत होते तेव्हा त्यांनी ती गोळी काढली, रंगनाथरावांचं तोंड उघडलं आणि ते आत घालणार एवढ्यात कौसाबाईंनी त्यांच्या हातावर फटका मारला. गोळी जीपच्या पत्र्यावर पडली आणि घरंगळत खाली गेली.

व्याह्याच्या हातावर विहीणबाईने फटका मारलेला त्या मंडळींनी कधी पाहिला नसेल.  मुलगा आईवर चिडला. प्रल्हादराव दुसरी गोळी काढत म्हणाले की बाई घाबरल्या आहेत, यांना बाजूला घ्या. हृदयाचीच गोळी आहे, मी रोज खातो. कौसाबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. त्या फार हळू बोलल्या, पण मी तिथवर पोचले होते.

"त्यायला ती चालत न्हाई. त्याहीनं काल रात्री दुसरी गोळी खाल्ली."

मुलाने विचारलं, कुठली गोळी? घरात तर साखरेच्या गोळीशिवाय कसलीच गोळी नाही. कौसाबाईंनी जीपमधल्या सगळ्यांकडे एकदा बघितलं. मुलगा, जावई, दीर, व्याही. मग त्या म्हणाल्या, "नवराबायकोची."

 रंगनाथरावांनी डोळे मिटून घेतले, आणि मी खात्रीने सांगते, ते दुखण्यामुळे नव्हते मिटले. मी त्यांना उतरवून आत घेतलं. आत रिकामी जागा एकच होती, ती प्रसूतीच्या टेबलावरची. त्या टेबलावर एकोणतीस वर्षांत झोपलेला तो एकमेव पुरुष. तिथेच ईसीजी काढला, ॲस्पिरिन चावायला दिली, जालन्याला पट्टीचा फोटो पाठवला आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. शेजारी एक बाई कळा देत होती. ती मध्येच थांबून यांच्याकडे बघायची आणि परत ओरडायची.

मी चिठ्ठी लिहायला घेतली. नाव, वय, आणि मोठ्या अक्षरांत: काल रात्री ताठरतेची गोळी घेतली आहे, नायट्रेट देऊ नये. रंगनाथरावांनी माझा हात धरला. त्या अवस्थेतही ते कण्हत म्हणाले, "म्याडम, ते लिहू नका. जालन्याच्या खिडकीत आमचा माणूस हाये." मी लिहिलं. त्यांच्या स्वतःच्या नावाने लिहिलेला माझा तो पहिला कागद.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत बाहेर सगळे बाकावर बसून होते, गरोदर बायकांच्या मधेमधे. प्रल्हादराव मला एका बाजूला घेऊन गेले. मला वाटलं की त्यांना व्याह्यांच्या तब्येतीचं विचारायचं आहे. त्यांनी घसा खाकरला आणि विचारलं, "म्याडम, ती दुसरी गोळी कुठं भेटती?" मी म्हणाले, तुमच्या खिशात ती पहिली आहे तोवर तुम्हाला कुठेच नाही. त्यांनी खिशावर हात ठेवला आणि एखाद्या दगाबाज सोबत्याकडे बघावं तसं खिशाकडे बघितलं.

रंगनाथराव वाचले. एक नळी पूर्ण बंद होती, एक अर्धी. दोन जागी स्टेंट बसले. हृदयाच्या डॉक्टरांनी नंतर मला फोनवर सांगितलं की गोळीचं आधी कळलं, हे बरं झालं. हे कळण्याचं श्रेय मी लगेच घेऊन टाकलं नाही, एवढं मला आजही बरं वाटतं. मी दिलेली सूचना दोघांनी ऐकली होती आणि एकीनेच लक्षात ठेवली होती.

दोन महिन्यांनी त्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, की दोन जिने दम न लागता चढता आले तर संसार पूर्ववत करायला हरकत नाही. सल्ला बरोबर होता. अडचण एवढीच की गावात दोन जिन्यांची इमारत नव्हती. गोल जिना होता तो पाण्याच्या टाकीला. एका सकाळी रंगनाथराव टाकीवर चढले. दम लागला नाही म्हणून वर उभे राहून समाधानाने इकडेतिकडे बघू लागले. आमच्याकडे टाकीवर माणूस चढला की ते आंदोलन असतं. खाली गर्दी जमली. सरपंच आले, पोलीस पाटील आले, मुलगा रडू लागला. सरपंचांनी खालून हात जोडून विचारलं की मागणी काय आहे? खरी मागणी सांगणं शक्य नव्हतं. ते वरून म्हणाले, पाणी. पुढचे पंधरा दिवस त्या गावाला रोज नळाला पाणी आलं.

एवढं करून गोळी त्यांना मिळणार नव्हतीच. हृदयासाठी नायट्रेटच्या गोळ्या चालू होत्या, आणि डॉक्टर त्या बंद करायला तयार नव्हते. रंगनाथराव नाराज झाले. मी सांगितलं, गोळी हा एकच रस्ता नाही. हवा ओढून घेणारा एक पंप मिळतो. काचेसारखी नळी, तिला पंप, आणि रक्त आत टिकावं म्हणून एक रबरी रिंग, जी अर्ध्या तासाच्या आत काढावीच लागते. यात औषध नाही, त्यामुळे हृदयाच्या गोळ्यांशी भांडण नाही. वर्गमित्राकडून मी एक मागवला आणि टेबलावर ठेवला. रंगनाथरावांनी चष्मा लावला. पंप उलटा केला, फुंकून पाहिला, अंगठ्याने भोक दाबून ओढ बघितली. आयुष्यभर विहिरीवरच्या मोटरी खोलणारा माणूस. याचा वॉशर हलका आहे, असं त्यांचं मत पडलं. मग पाइपच्या तळाशी पाणी अडवून धरणारा फुटव्हॉल्व्ह कुठे आहे ते विचारलं. मी नाही म्हणाले. "मंग पाणी उतरल ना," ते म्हणाले, आणि वॉशर दाखवायला पंप घेऊन बाहेर नर्सबाईंकडे गेले.

खोलीत मी आणि कौसाबाई उरलो. पाच वर्षांत पहिल्यांदाच.

मी विचारलं की बाई, तुमचं या सगळ्याबद्दल काय म्हणणं आहे? त्यांनी कॅलेंडरवरून नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं. "पाच वरसं माझ्या नावच्या कागदावर लिहून राह्यल्या," त्या म्हणाल्या, "आज इचारलं."

मी स्त्रीरोगाची डॉक्टर. मी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

मग त्या बोलत गेल्या. रंगनाथरावांना हा त्रास सुरू झाला, तेव्हाच एक दिवस त्यांनी आपली खाट उचलून आखाड्यावर नेली. आखाडा म्हणजे शेतातला गोठा आणि त्याच्या बाजूची एक खोली. मोसंबीची राखण करायची म्हणाले. मोसंबी उतरली, विकली गेली, झाडं रिकामी झाली, तरी राखण चालूच. कौसाबाईंना आधी वाटलं की आपलं काही चुकलं. मग वाटलं की कुणी दुसरी आहे. गोळी घ्यायची असेल त्या दिवशी ते घरी यायचे, पाव्हण्यावानी, आणि सकाळी उठून परत आखाड्यावर. आधी संध्याकाळी शेजारी बसून बागेचं, भावकीचं, पोरांचं बोलायचे. ते सगळं खाटेबरोबर गेलं.

"ते झालं तर झालं, न्हाई तर न्हाई," त्या म्हणाल्या. "माझं काही अडलं न्हाई. पण मानूस जवळ बसून बोलत होता, तो गेला. त्याची गोळी न्हाई का तुमच्याकडं?"

मी रंगनाथरावांना आत बोलावलं. सगळं त्यांच्यासमोर ठेवलं. ते पंपाच्या नळीशी चाळा करत बसले. मग म्हणाले, जवळ झोपलो आणि तिनं काही मनात आणलं, आणि मला जमलं न्हाई तर? म्हणून लांबच गेलो. कौसाबाई म्हणाल्या, मी कवा काय मनात आणलं? दोघंही भिंतीकडे बघत बोलत होते, पण एकाच भिंतीकडे.

खाट घरात आणायला ते तयार झाले. अडचण एकच होती. मुलं, सुना, नातवंडं यांच्यादेखत इतक्या वर्षांनी खाट परत आणायची तर कारण काय सांगायचं? त्यांनी मला ते लिहून मागितलं. मी लिहिलं. हृदयाच्या आजारामुळे एकटं झोपू नये. खाट घरात, पत्नीच्या खाटेजवळ ठेवावी. रोज संध्याकाळी अर्धा तास बसून बोलावे. खाली सही आणि शिक्का. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

पंपाचं पुढे काय झालं, ते मला नीट कळलं नाही. मी एकदा विचारलं तेव्हा रंगनाथराव म्हणाले की वॉशर बदलला आहे, आणि कौसाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मी आणखी विचारलं नाही.

दिवाळीच्या आधी त्यांच्या थोरल्या मुलाचा फोन आला. सरळ, कष्टाळू माणूस, वडिलांच्या आजारात खूप धावला होता. कापसाची वेचणी सुरू झाली होती. त्यांच्याकडे दर वर्षी कापूस आणून आतल्या खोलीत टाकतात, छतापर्यंत. आता त्या खोलीत खाटा होत्या, आणि संध्याकाळी दार लोटून म्हातारा-म्हातारी आत गप्पा मारत बसायची. त्याने अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "म्याडम, दादांचं हे खाटेचं औषध आजून किती दिवस चालू ठेवायचं?"

मी म्हणाले, कायम. बंद करायचं नाही.

तो बहुतेक खोलीचं माप मनात मोजत असावा. मग बरं म्हणाला, आणि त्या वर्षी त्यांचा कापूस आखाड्यावर राहिला.